धोंडीरामआण्णा बसून राहिले

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत शेअर बाजारावर बोलणारे पुरुष ढीगभर होते. सकाळी बागेत चकरा मारता मारता ते देशाची अर्थव्यवस्था दोनदा बुडवत आणि तीनदा वर काढत. पण शेअर घेऊन गप्प बसणारा माणूस आमच्या इमारतीत एकच होता, आणि तो वाशीच्या एपीएमसी मार्केटमधला निवृत्त हमाल होता. धोंडीरामआण्णा. तळमजला, डावीकडचं दार.

मी तेव्हा साठीची तरुण होते. हसू नका. एकाहत्तरीतून मागे पाहिलं की साठीची बाई अगदी कोवळी दिसते, आणि कोवळ्या वयात असतो तेवढा मूर्खपणाही तिच्यात असतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात चौतीस वर्षं अकाउंट्समध्ये काढून मी नुकतीच घरी बसले होते. पेन्शन नव्हती. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अठरा लाख रुपये हातात आले होते, आणि उरलेलं आयुष्य त्या अठरा लाखांवर काढायचं होतं. मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा निखिल खारघरला, मोठ्या टॉवरमध्ये. "आई, इकडेच ये राहायला," असं तो म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. पण मला माझं स्वयंपाकघर हवं होतं, माझ्या दाराची किल्ली हवी होती. चष्म्याची काच बदलायची म्हणून सुनेपुढे जाऊन उभं राहायचं नव्हतं. (सून चांगली आहे. ती हे वाचणार आहे.)

तर ते अठरा लाख म्हणजे माझं दार. एवढं लक्षात ठेवा. बाकीचं मी आठवेल तसं सांगते.

आण्णा जावळीकडचे. सोळाव्या वर्षी मुंबईत आले, मस्जिद बंदरला गोण्या वाहिल्या, आणि मार्केट वाशीला आलं तेव्हा त्याच्यामागून खाडी ओलांडून इकडे आले. उंचीने बेताचे, पण मान अशी की तिच्यावर कॉलरचं वरचं बटण कधी लागलं नसेल. डोक्याचा मधला भाग किंचित चपटा. पांढरी टोपी त्यावर ठेवल्यासारखी बसायची. पाठ टेकायची खुर्ची त्यांना चालत नसे. सोफ्यावर बसवलं तर अगदी कडेला बसत, मुलगी पाहायला आल्यासारखे. चहा बशीत ओतून, आवाज करून. माझा पेपर ते दुसऱ्या दिवशी नेत. "आजचाच न्या की," म्हटलं तर म्हणत, "कालचा बरा आसतोय ताई. धुरळा खाली बसल्याला आसतोय."

त्यांच्याकडे शेअर आहेत हे मला कळलं ते टपालामुळे. पोस्टमन चुकून त्यांचं एक जाडजूड पाकीट माझ्या पेटीत टाकून गेला. साबण बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल. मी बी. कॉम., चौतीस वर्षं ताळेबंदात घालवलेली. मला वाटलं, कुणीतरी या बिचाऱ्याच्या नावावर काहीतरी करून ठेवलंय. पाकीट घेऊन तावातावाने खाली गेले.

"आण्णा, हे काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"साबनाचं हाय. दरसाल येतंय." त्यांनी पाकीट घेऊन उशीखाली सारलं. "रद्दीला चांगला कागुद."

"तुम्ही शेअर घेता?"

"ज्येचं खोकं वाहिलं त्येचंच. दुसऱ्या कुनाचं न्हाय."

मग हळूहळू, चहाच्या तीन बशांमध्ये, त्यांनी सांगितलं. व्यापारी बाहेर सांगतो की माल धडाधड खपतोय. पण माल परत आला की तो उतरवून घ्यायला हमालच लागतो. "खपलं म्हून समद्येच सांगत्यात. परत किती आलं त्ये आमच्या मानंला ठावं." जी खोकी गेली ती कधी परत आलीच नाहीत, अशा चार कंपन्या त्यांनी हेरल्या होत्या. साबण, चहा, बिस्किटं आणि हिंग. हिंगाची कंपनी बाजारात नव्हती म्हणून उरल्या तीन. दर दिवाळीला बोनस मिळाला की थोडे थोडे घ्यायचे, आणि विसरायचं. भाव बघत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रस्त्यात गोनी उतरवून कोन बगतंय का, किती दाणं हायत म्हून?"

मी वर आले आणि मैत्रिणीला फोन करून पोट धरून हसले. हिंगाचा किस्सा तिला दोनदा सांगितला. आता माझं ऐका. त्याच महिन्यात मीही आयुष्यातले पहिले शेअर घेतले होते, आणि ते का घेतले होते? कंपनीचं नाव आमच्या कुलदेवीचं होतं. एवढंच कारण. डिमॅट खातं उघडून, नारळ फोडून, शुक्रवार बघून घेतले. ती कंपनी काय बनवते हे मला सात महिन्यांनी कळलं. कोंबड्यांचं खाद्य. आणि तेही नीट बनवत नव्हती. देवीने माझे अकरा हजार घेतले आणि एका पिसाचाही प्रसाद दिला नाही.

आण्णांची बायको कौसल्यावहिनी. बारीक, काळीसावळी, बोलायला लाजणारी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आण्णा तिला समोर बसवत आणि एकच प्रश्न विचारत. दार उघडं असायचं, त्यामुळे जिन्यावरून ऐकू यायचं.

"मी गेलो. आता कुटं जायाचं?"

"आधी बँकंत. शिंदेसायबाला भेटायचं."

"काय न्यायाचं?"

"तुमचा दाखला न् माजं आधार."

"मंग?"

"मंग पोस्टात. मंग वरच्या काकूंकडं, त्या शेअरचं कागुद भरून देत्याल."

वरच्या काकू म्हणजे मी. मला न विचारता माझी नेमणूक झालेली होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिन्यातच थांबून म्हटलं, "काय हो आण्णा, भल्या सकाळी असलं अभद्र?" आण्णा म्हणाले, "आमच्या टोळीतला एक हमाल गेला, ताई. त्येच्या बायकूला सा वर्सं ठावंच नव्हतं की त्येचा ईमा हाय." मग कौसल्यावहिनी हसून म्हणाली, "मला पाठ झालंय वं, पर ह्यांचं जायाचं नाव न्हाय." आणि आण्णा एवढे हसले की टोपी पडली.

मी मात्र वर गेल्यावर कपाट उघडलं. माझ्या कुठल्याच कागदावर वारसाचं नाव नव्हतं. अकाउंट्सवाली बाई!

आता प्रसादकडे येते. प्रसाद आमच्या गल्लीतला नव्हता, पण गल्लीत त्याचं ऑफिस होतं: एक गाळा, काचेचं दार, थंडगार एसी, आणि भिंतीवर सफरचंदांचे मोठे मोठे फोटो. वय तिशीचं, दात सरळ. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही साठच्या? मला वाटलं पंचेचाळीसच्या असाल." त्या एका वाक्याची किंमत तीन लाख रुपये होती, हे तेव्हा मला कळलं नाही.

योजना अशी. तळोज्याला म्हणे कंपनीचं भलंमोठं शीतगृह. त्यात व्यापाऱ्यांची सफरचंदं, खजूर, मिरची राहते. व्यापारी भाडं देतात. आपण एक लाख घातले की दर महिन्याला चार हजार. खारघरच्या एका हॉटेलात त्यांनी माहितीसत्र ठेवलं होतं. पडद्यावर आलेख वर वर जात होते. जेवणात पनीर होतं. मी गुलाबजाम तीन घेतले. महिन्याला चार टक्के म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस. हे गणित चौतीस वर्षं आकडेमोड केलेल्या बाईने त्या हॉटेलात केलं, आणि तिला शंका येण्याऐवजी आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी तीन लाख दिले. कुणाला सांगितलं नाही. महिन्याने बारा हजार खात्यात आले, ठरल्या तारखेला. मग मी उरलेले पंधरा घालायचं ठरवलं, येत्या सोमवारी. फक्त एकदा वाटलं, आण्णांना विचारावं. विचारावं म्हणजे काय, थोडं मिरवावं.

आण्णांनी ती गुळगुळीत पुस्तिका हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"ह्ये कुटं हाय?"

"तळोज्याला."

"बगितलं तुमी?"

"फोटो आहेत की!"

"चला मंग उद्या."

"असं एकदम नाही जाता येत, आण्णा. रविवारी त्यांची बस असते, ते घेऊन जातात."

"त्ये न्हेत्यात तवा नगं," आण्णा म्हणाले. "आपलं आपन जायाचं."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्ही कळंबोलीहून बस धरली. आण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, मी गॉगल घातला होता. तळोजा एमआयडीसीत उतरून अर्धा तास चाललो. शीतगृह होतं बरं का! निळ्या पत्र्याचं, मोठं, वर कंपनीचं नाव. माझा जीव भांड्यात पडला. मी आण्णांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आण्णा शीतगृहाकडे बघतच नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते. इकडे दहा पावलं गेले, तिकडे दहा पावलं आले.

"काय शोधताय?"

"चावाला."

"तुम्हाला चहा हवाय? आत्ता?"

"मला नगं. पर हाय कुटं त्यो?" त्यांनी फाटकाकडे हात केला. "ताई, जितं माल आसतोय तितं हमाल आसतोय. हमाल आसला की चावाला येतोय, त्येला कुनी बोलवावं लागत न्हाय. वाशीला बगा, गोदामाचं शटर उघडायच्या आदी त्येचा स्टो पेटल्याला आसतोय. ह्या दारात कोनच न्हाय."

मी म्हटलं, "आतमध्ये कँटीन असेल."

आण्णांनी फाटकाजवळ जाऊन वॉचमनला तंबाखू दिली. वॉचमन जवळच्याच गावातला, म्हातारा. दोघं खाली बसले. मी उन्हात उभी. दोन मिनिटांत वॉचमन आपण होऊन बोलायला लागला.

"आत काय नाय हाय बाबा. आयतवारी बस येते मानसा घेऊन. तवा मशीन चालू करतान, खोकी पुढं मांडतान. सोमवारी बंद."

"खोक्यात काय आसतंय?" आण्णांनी विचारलं.

"पुठ्ठा."

परतीच्या बसथांब्यावर मी गॉगल काढला नाही, कारण आतून डोळे वाहत होते. आण्णांना वाटत होतं की मी फक्त सोमवारच्या पंधरा लाखांतून वाचले. ते खूश होते. शेवटी मी सांगितलं. "आण्णा, मी तीन लाख आधीच दिलेत."

ते बराच वेळ समोरून जाणारे कंटेनर बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील, किंवा दया दाखवतील, जे जास्त वाईट. पण ते म्हणाले, "तीन. बरं. उद्यापास्नं बसू."

"कुठे बसू?"

"त्येच्या हापिसात."

आणि आण्णा खरंच बसले. शनिवारी सकाळी काचेचं दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर. अंगावर खाकी हाफ शर्ट, छातीवर हमालीचा पितळी बिल्ला, आणि खांद्याला तो लोखंडी आकडा, गोणी ओढायचा. निवृत्त झाल्यावरही त्यांनी तो ठेवला होता. दार उघडलं की आत जाऊन ग्राहकांच्या बाकावर कडेला बसायचे. बाजूला मी, तोंडासमोर मासिक धरून. ओळखीचं कुणी आलं की मासिक वर जायचं. त्या नऊ दिवसांत मी एकच अंक वाचला, आणि त्यातलं मला आजही काही आठवत नाही.

"काका, काय काम आहे तुमचं?" प्रसादने विचारलं.

"ताईंचं तीन लाख न्यायला आलोय."

"ते तीन वर्षांचे आहेत हो. मधेच काढता येत नाहीत. नियम आहे."

"आसू द्या. आमी बसतो."

आवाज नाही, धमकी नाही, हातसुद्धा वर नाही. दुपारी डबा उघडायचे, ठेचा-भाकरी खायचे. त्या एसीत ठेच्याचा वास असा पसरायचा की भिंतीवरची सफरचंदंसुद्धा फिकी पडायची. नवीन माणूस आत आला की आकडा बघून दचकायचा. कुणी विचारलं की आण्णा तेच वाक्य सांगायचे, त्याच पट्टीत: ताईंचं तीन लाख न्यायला आलोय. दोन माणसं तेवढ्यावरच मागे फिरली. प्रसादचे सरळ दात आता कमी दिसायला लागले.

"काका, घरी जा ना. देतो ना मी."

"द्या की. मी कुटं नगं म्हंतोय?"

सातव्या दिवशी दुपारी आण्णा डबा धुवायला मागच्या नळावर गेले होते. त्यांना दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि लता आत आली.

लता आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. नवरा नव्हता. पहाटे साडेचारला उठून पस्तीस डबे करायची, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. तिने मला पाहिलं, ओळखीचं हसली. मी मासिक वर करायच्या आत हसली. मग प्रसादसमोर बसली आणि पर्समधून चेक काढला.

मी बघत होते. आता इथे मी माझी थट्टा करणार नाही, कारण इथे थट्टा करण्यासारखं काही नाही. मला सगळं ठाऊक होतं. पुठ्ठा ठाऊक होता. 'लता, थांब' एवढंच म्हणायचं होतं. पण प्रसादने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हलकी मान डोलावली, आणि मला कळलं की हा चेक वटला की माझे पैसे येणार. मी मान खाली घातली. लताने सही केली. मला तिच्या पेनाचा आवाज ऐकू आला.

आण्णा ओला डबा पुसत आत आले तेव्हा ती गेलेली होती.

"कोन आलं हुतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. तीन लाख जमा. आण्णांनी तो मला दोनदा वाचायला लावला, मग उठले, प्रसादला म्हणाले, "रामराम, येतो," आणि घरी गेले. संध्याकाळी कौसल्यावहिनीने शिरा पाठवला. मी तो खाल्ला. गोड लागला, तेही सांगते.

त्यानंतरच्या रविवारी लता दारात उभी राहिली. हातात वाटीभर गाजराचा हलवा.

"काकू, तोंड गोड करा. मी पण पैसे घातले त्या योजनेत. तीन लाख, सगळं होतं नव्हतं ते. मन तयारच होत नव्हतं हो माझं. पण त्या दिवशी आत आले आणि तुम्ही तिथे बसलेल्या दिसलात. म्हटलं, काकू अकाउंट्सच्या, एवढ्या शिकलेल्या. त्या आहेत म्हणजे बरोबरच असणार."

वाटी माझ्या हातात देऊन ती गेली. तिला कुकर लावायचा होता.

मी वाटी घेऊन तशीच खाली गेले. आण्णा भाजी निवडत होते, मेथी. मी सगळं सांगितलं. 'कोणी नाही' म्हटलं होतं तेही सांगितलं. कौसल्यावहिनी आत निघून गेली. आण्णा मेथीची पानं खुडत राहिले. जुडी संपली तरी बोटं हलत होती. मग म्हणाले, "म्हंजे आपन तितं बसलो, त्ये तिला दुकानाची पाटी वाटली."

"आण्णा, चूक माझी आहे. तुम्ही नव्हता तिथे."

"बसायचं माजंच डोस्कं हुतं की." त्यांनी टोपी घातली. "चला. तिला सांगायचं. पर तुमी सांगायचं, मी न्हाय."

मी म्हटलं, मला नाही जमणार. लाज वाटते. ते म्हणाले, "वाटंल की. डोस्क्यावर घेतलं म्हंजे थांबायचं नसतंय ताई, थांबलं की जास्ती जड हुतंय. चार जिनं हायत. चढा." आणि माझ्या मागून, एकेक पायरी, चढत आले. लिफ्ट चालू होती.

लता कणीक मळत होती. मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हात परातीतच. मग तिने विचारलं, अगदी साधं, "मग तुमच्या खात्यात आलेत ते माझे का?"

मी म्हटलं, "हो. बहुतेक तुझेच."

ती रडली नाही. मला रडलेलं चाललं असतं. ती म्हणाली, "काकू, मला आधी पस्तीस डबे भरू द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या गाळ्यावर गेलो. आण्णा बिल्ला लावून, आकडा घेऊन. शटर खाली होतं. आणखी पन्नासेक माणसं उभी होती, कुणी फोन लावत होतं, कुणी शटरवर लाथ मारत होतं. प्रसाद रात्रीतून गेला होता. लता पायरीवर बसली. आण्णा तिच्याशेजारी बसले. माझ्या अठरा लाखांतला एक रुपयाही गेला नव्हता, आणि मला उभं राहायला जागा सापडत नव्हती.

त्या संध्याकाळी मी चेक लिहिला. तीन लाखांचा. लताने तो परत दिला. "काकू, तुमचेही घामाचेच होते ना?" म्हणाली. आमची हुज्जत झाली, जिन्यात, मोठ्या आवाजात, सगळी इमारत ऐकत होती. आण्णांनी दार उघडून म्हटलं, "आर्धं आर्धं करा न् झोपा दोगी." झालं. दीड लाख तिला गेले. तिने एकच अट घातली: दुपारचा डबा ती पाठवणार आणि मी नको म्हणायचं नाही. साडेसोळा लाख उरले. ते मी आण्णांच्या सांगण्याप्रमाणे पाच ठिकाणी विभागून ठेवले: पोस्टात, बँकेत, थोडे म्युच्युअल फंडात. सगळीकडे वारसाचं नाव घातलं. कंटाळवाणं काम. त्यात एकही गुलाबजाम मिळाला नाही.

मग पोलिसांत तक्रार द्यायला गेलो. लताची तक्रार, मी साक्षीदार. बाहेर मोठी रांग. आण्णा आमच्याबरोबर रांगेत उभे, सकाळी नऊपासून. खिडकीपाशी पोचलो तेव्हा आतल्या साहेबांनी आधी त्यांनाच विचारलं, "आजोबा, तुमचे किती गेले?"

"माजं काय न्हाय गेलं."

"मग कोण तुम्ही? नातेवाईक?"

आण्णा विचारात पडले. "तळमजल्यावर ऱ्हातो."

"अहो, मग इथे कशाला उभे राहिलात?"

"मी त्या हापिसात नऊ दिस बसल्यालो, सायेब. मला बगून कोन कोन आत गेलं आसंल, मला ठावं न्हाय. त्ये लिवून घ्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, हा काही गुन्हा नाही."

"लिवा तरीबी," आण्णा म्हणाले.

साहेबांनी लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. बाहेर आलो तेव्हा निखिल गाडी घेऊन उभा होता. त्याला कुणीतरी फोन केला होता. मला सुनेच्या बाळंतपणासाठी तसंही खारघरला जायचं होतं. आण्णांना आणि लताला निखिल म्हणाला, गाडीत बसा, सोडतो. आण्णा म्हणाले, "नगं, आमची बस येती."

निखिलने गाडी हमरस्त्याला काढली. मग म्हणाला, "आई, किती गेले?" मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पंचेचाळीसच्या दिसता हेसुद्धा. तो म्हणाला, "मग आता तरी आमच्याकडे राहायला ये."

"बाळंतपण झालं की मला माझ्या घरी सोड," मी म्हटलं.

बाळंतपण झालं, नातीचं बारसं झालं, महिन्याने परतले. तळमजल्यावरच्या डावीकडच्या दाराला कुलूप होतं. आण्णांची छाती दुखायला लागली, म्हणून त्यांचा मुलगा दोघांना गावी घेऊन गेला होता. श्रावणात आण्णा तिकडेच वारले. कौसल्यावहिनी एकटी एसटीने आली, आधी बँकेत गेली, मग पोस्टात, आणि मग माझं दार वाजवलं. आम्ही दोघींनी साबणाचे, चहाचे, बिस्किटांचे कागद भरले. तिला एकाही ठिकाणी अडायला झालं नाही.

म्हणजे मी आण्णांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, निखिलच्या गाडीच्या मागच्या काचेतून. स्टॉपवर ऊन होतं. लताने तोंडावर पदर धरला होता. आता मात्र ती रडत होती. आण्णा तिच्याकडे बघत नव्हते. बस येते त्या दिशेला तोंड करून उभे होते, पण उभे होते ते बरोब्बर अशा जागी की त्यांची सावली तिच्यावर पडावी. ती थोडी सरकली. तेही थोडे सरकले.